गवत कापताना वणवा कसा पेटतो? ग्रास कटर सुरू करण्याआधी हे वाचा

दिवाळी सरली की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटरची घरघर सुरू होते. वणव्याची झळ कलमांना लागू नये, म्हणून गवत काढायचं. पण तेच गवत पूर्ण वाळल्यावर भर दुपारी कापलं, तर वणवा या यंत्रामुळेच पेटू शकतो.

२००४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडिंग शहराजवळ असंच घडलं. वाळलेलं गवत कापणाऱ्या लॉन मोवरचं पातं दगडावर आपटलं आणि त्या ठिणगीने लागलेल्या आगीत सुमारे ८० घरं गेली.

ठिणगी येते कुठून?

पातं दगडावर घासलं की लोखंडाचा तापलेला कण उडतो. वाळक्या गवताला तेवढा पुरतो. कातळाच्या जमिनीत दगड गवतात लपलेलेच असतात. तिथे पात्याऐवजी नायलॉनची दोरी बरी.

मात्र दोरी लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. सायलेन्सर चांगलाच तापलेला असतो. त्याला चिकटलेला गवताचा चुरा धुमसत राहतो. यंत्र तसंच गवतावर किंवा मांगरातल्या पेंढ्यावर टेकवलं, तर माणूस जेवायला गेल्यावर आग लागते. सायलेन्सरमधली बारीक जाळी ठिणग्या अडवण्यासाठी असते. काजळीने तुंबली तर ती साफ करा, काढून टाकू नका.

पेट्रोल भरताना

खरी घाई इथे होते. टाकी लहान, मजुरी तासावर, त्यामुळे गरम इंजिनवरच पेट्रोल ओतलं जातं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली गवतात साचते. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मोकळ्या मातीवर पेट्रोल भरा, सांडलेलं पुसा आणि तिथून किमान ३ मीटर लांब जाऊन यंत्र सुरू करा. विडी-सिगारेट अर्थातच नको.

कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं सकाळी १० च्या आत, वारा नसताना गवत कापायला सांगतं. आपल्याकडेही दवाचा ओलावा असतो तोवरची वेळ चांगली. त्याहून चांगलं म्हणजे पहिली कापणी गवत हिरवट असतानाच उरकणं.

बागायतदाराकडे पाठीवरचा फवारणी पंप असतोच. तो धुऊन, साध्या पाण्याने भरून जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबून धूर दिसतो का पाहा. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं, तर विझवत बसू नका. माणसं बाजूला काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.