कासची फुलं बघताना

फुलांचे गालिचे बघायचे तर हिमालयातच जायला हवं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बेळगावहून पुणे रस्त्याने साताऱ्याला गेलं, की तिथून सुमारे 25 किलोमीटरवर कासचं पठार आहे. तोच रस्ता पुढे बामणोलीच्या खोऱ्यात उतरतो. तिथे कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी राहायला तंबू मिळतात. गेल्या सप्टेंबरात आई, आज्जी आणि सात वर्षांच्या भाच्याला घेऊन मी तिथूनच सकाळी पठारावर गेलो. वाट बरीचशी सपाट. आज्जीसुद्धा काठी टेकत, मध्ये बसत आरामात चालली.

पठारावर साडेआठशेहून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत. 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. गंमत म्हणजे इथे माती फारशी नाहीच! खाली जांभा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. मोठं झाड मूळ धरणार कुठे? म्हणून इथे राज्य छोट्या रोपांचं: पांढरा गेंद, पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, निळी-जांभळी सीतेची आसवं.

या निकस मातीत नत्र कमी. ते मिळवायला सीतेची आसवं चक्क शिकार करतात. ओल्या मातीत त्यांच्या बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, तोही पापणी लवायच्या आत. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांना किडे चिकटतात. हे ऐकून भाचा जमिनीवर उकिडवा बसला तो उठेचना.

"मामा, एक फूल तोडू?" त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं ते तुम्हांलाही सांगतो. यातली बरीच रोपं एका पावसाळ्यापुरतीच जगतात. फुलाचं बी होऊन ते इथेच पडलं, तरच पुढच्या वर्षी रोप. फूल तोडलं तर बी गेलं; फोटोसाठी आत शिरलं तर रोपंही गेली आणि मातीही दबली.

जाणार असाल तर सप्टेंबरात, शक्यतो रविवार सोडून जा. हंगामात आधी नोंदणी करावी लागते. रेनकोट घ्या, सकाळी लवकर पोहोचा आणि आखलेली वाट सोडू नका.