रात्रपाळीचे डॉक्टर आणि शकुनापशकुन

आजारी माणूस घाबरतो, त्याच्या घरची मंडळी नवस बोलतात, अंगारा लावतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांनी सहा-सात वर्षे शरीरशास्त्राचा अभ्यास केला, ते डॉक्टरही रात्रपाळीला शकुन पाळतात असे सांगितले, तर आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. गोष्ट मात्र खरी आहे.

विलायतेतील व अमेरिकेतील रुग्णालयांत एक अलिखित नियम असा, की रात्री काम कमी असले तरी ‘आज अगदी शांत आहे’ हे शब्द तोंडातून काढावयाचे नाहीत. नवशिक्या डॉक्टराने ते उच्चारलेच, तर जाणती मंडळी त्याच्यावर डोळे वटारतात. कारण तो शब्द उच्चारताच रुग्णांची रीघ लागते अशी समजूत आहे. ज्याच्या पाळीला हटकून गर्दी होते त्यास अमेरिकेत ‘काळा ढग’ म्हणतात. कोणी ठरावीक लेखणीच खिशाला लावतो, कोणी पौर्णिमेची पाळी टाळू पाहतो, आणि तेरा तारखेस शुक्रवार आला तर ती रात्र कोणासच नको असते.

हे वाचून हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकवावे हे बरे. आपण घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कुंकू संपले असे न म्हणता ‘वाढले’ म्हणतो. कोकणात रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणण्याची रीत आहे. नाव घेतले की वस्तू येते, ही समजूत आपली व त्या डॉक्टरांची एकच. आपल्या वैद्यकातही ही गोष्ट जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसावा अध्याय वैद्यास बोलावण्यास आलेला दूत, वाटेतील शकुन आणि स्वप्ने यांवरून रोग्याचे भवितव्य कसे ओळखावे, यासाठीच खर्ची पडला आहे. ज्या ग्रंथाने शस्त्रक्रियेचे सूक्ष्म विवेचन केले, त्यासही शकुनांचा मोह आवरला नाही!

तथापि या समजुतींची परीक्षा अलीकडे डॉक्टरांनीच करून पाहिली आहे. इंग्लंडातील एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजंतुविभागात 2019 साली 61 दिवस हा प्रयोग झाला. कोणत्या दिवशी ‘आजचा दिवस शांत जाईल’ असे मुद्दाम म्हणावयाचे व कोणत्या दिवशी म्हणावयाचे नाही, हे दैवगतीवर सोपविले होते. त्या शब्दाने काम वाढले नाही. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तातडीच्या विभागातील चार वर्षांतील सुमारे दीड लाख रुग्णांची नोंद तपासली. पौर्णिमेस गर्दी अधिक होते असे दिसले नाही. शिवाय पाहा, पाश्चात्त्य डॉक्टर पौर्णिमेस भितो आणि आपल्याकडे भीती अमावास्येची! आपण तर कोजागिरीस चांदण्यात बसून दूध पितो. चंद्र एकच आणि भय मात्र उलटसुलट, एवढ्यावरूनच ते भय आकाशातले नसून मनातले आहे हे उघड होते.

मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील घराण्यातले, अमेरिकेत जन्मलेले प्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे यांनी 2002 सालच्या आपल्या पुस्तकात पौर्णिमा व तेरा तारखेचा शुक्रवार यांच्या योगावर एक निबंधच लिहिला आहे. अशा रात्रीच्या पाळीस कोणी सहज पुढे येईना, असा तो प्रसंग आहे.

मग शहाणी माणसे हे का पाळतात? यास आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय हे नाव देऊन ठेवलेले आहे. कावळा बसावयास आणि फळ पडावयास एकच गाठ पडते, ती लक्षात राहते. कावळा बसला व काही पडले नाही, असे शंभर प्रसंग विसरले जातात. दुसरे कारण अधिक कारुण्याचे आहे. आमच्या पालीवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. अशा रस्त्याजवळच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता दार उघडले म्हणजे काय समोर येईल, हे तेथे बसलेल्या तरुण डॉक्टरास ठाऊक नसते. जबाबदारी संपूर्ण त्याची, आणि काय येणार यावर सत्ता काडीचीही नाही. अशा वेळी माणूस एखाद्या लेखणीस धरून राहतो. त्यात आम्हांस दोष दिसत नाही.

दोष कोठे सुरू होतो, ते मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. डॉक्टराचा शकुन त्याच्या खिशात आहे तोवर ठीक. तो रोग्याच्या आड आला की पाप. सर्पदंश वा विंचूदंश झालेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरला, तो याच कारणाने. आपल्या कोकणातच याचे उत्तम उदाहरण आहे. महाडकडे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण उशाशी बसून न्याहाळले, टिपणे ठेवली, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग 1986 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. पूर्वी गंभीर दंशाचे शेकडा 30 रुग्ण दगावत. पुढे ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. मांत्रिकाने जागविलेल्या रात्री आणि या डॉक्टराने जागविलेल्या रात्री यांत अंतर एवढेच, की एकाने लिहून ठेवले व दुसऱ्याने नाही.

विधीच करावयाचा तर असाही करता येतो. वर उल्लेखिलेल्या डॉ. गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचावयाची 19 कलमांची यादी तयार केली: रोगी तोच ना, जागा तीच ना, उपकरणे मोजली ना. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहता मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून 0.8 वर आले; हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. संध्येतील आचमनाप्रमाणे रोज तेच, त्याच क्रमाने करावयाचे. फरक इतकाच की याचे फळ मोजता येते.

आज पुष्कळ घरांतील मुलगे, मुली व सुना रात्रपाळी करतात. त्यांच्या खिशातील लेखणीची वडीलधाऱ्यांनी थट्टा करू नये, आणि ‘आज अमावास्या, जपून जा’ असे सांगून त्यांच्या भयात आपली भरही घालू नये. सकाळी ती परत आली म्हणजे गरम चहा द्यावा, दार लोटून घ्यावे आणि घरातील मुलांना अंगणात खेळावयास पाठवावे. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना झोप मिळाली, तर पुढच्या रात्रीच्या रोग्यास त्याहून मोठा शुभशकुन दुसरा नाही.