पेठांचे वार आणि ग्रहांचा धाक

आमच्या घरीं गतवर्षीं एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावांचून प्रस्तुत विषयास हात घालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कारण हा लेख म्हणजे एका प्रश्नाला फार उशिरा दिलेलें उत्तर आहे.

आमचें एकत्र कुटुंब सांगलीस राहतें. धाकट्या बंधूंच्या नातीला साताऱ्याचें एक स्थळ सांगून आलें. मुलगा सुशिक्षित, माणसें सालस, पत्रिका जुळलेली. मुलीला सौम्य मंगळ होता, तसा मुलालाही असल्यामुळें ज्योतिष्यांनीं तो मुद्दा निकालांत काढला होता. मुलगा-मुलगी भेटलीं, दोघांचीही पसंती झाली. अशा वेळीं घरोब्याचे एक गृहस्थ आले आणि वराचें घर मंगळवार पेठेंत आहे असें ऐकून गंभीर झाले. त्यांचें म्हणणें असें कीं, सातारा ही छत्रपतींची राजधानी. तिच्यांत सातही वारांच्या, म्हणजे सात ग्रहांच्या, नांवांच्या पेठा आहेत. अर्थात् हें शहर म्हणजे जमिनीवर मांडलेलें गुप्त ग्रहचक्र होय. मंगळाच्या मुलीनें मंगळाच्याच पेठेंत माप ओलांडावें हें बरें नव्हे! पुष्टीसाठीं त्यांनीं अमेरिकेच्या राजधानीचा नकाशा दाखविला. तेथील रस्त्यांत फ्रीमेसन लोकांनीं पंचकोनी तारा लपविला आहे, असें सांगून व चहा घेऊन ते निघून गेले.

शंका मात्र घरांत राहिली. वडील मंडळी 'पाहूं, विचार करूं' म्हणत राहिलीं. आम्ही जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें, थोडेंफार ज्योतिषही वाचलें. परंतु उगाच वाद नको म्हणून गप्प बसलों. दोन महिने गेले. वाट पाहून कंटाळलेल्या सातारकरांनीं दुसरीकडे जमविलें. त्या संध्याकाळीं नातीनें आम्हांस विचारलें, "अण्णाआजोबा, तुम्हांला तरी तें खरें वाटत होतें का?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं आम्हीं पुस्तकें चाळलीं, आणि एके दिवशीं साताऱ्यास जाऊन त्या पेठा पायीं फिरून आलों.

प्रथम परदेशची गोष्ट घेऊं. वॉशिंग्टन शहराचा आराखडा लांफां नांवाच्या फ्रेंच स्थापत्यज्ञानें १७९१ सालीं केला. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः फ्रीमेसन होते, आणि १८ सप्टेंबर १७९३ रोजीं कॅपिटॉलची कोनशिला त्यांनीं मेसन विधीनेंच बसविली. धान्य, मद्य व तेल हीं त्या विधींतील द्रव्यें. परंतु हें सारें भरदिवसा, मिरवणुकीनें झालें. त्यांत गुप्त कांहींच नव्हतें. उलट ज्या ताऱ्याचा एवढा गवगवा, तो नकाशावर पुरा होतच नाहीं. त्याची एक बाजू ज्या ऱ्होड आयलंड मार्गानें व्हावयाची, तो मार्ग मध्येंच संपतो. आणखी एका लेखकानें, डेव्हिड ओव्हासन यानें, १९९९ सालीं त्या शहराचा संबंध कन्या राशीशीं जोडणारें अख्खें पुस्तक लिहिलें. परंतु शेंकडों रस्ते आणि आकाशांतले असंख्य तारे हाताशीं असल्यावर कोणती आकृति जुळणार नाहीं? एकाच तारकासमूहांत आपणांस सात ऋषि दिसतात, युरोपियनांस अस्वल दिसतें. तारे तेच, चित्र पाहणाऱ्याचें.

फ्रीमेसन आपणांस अगदींच अपरिचित नाहींत. मुंबईंत १८४३ सालीं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हें लॉज निघालें व त्यांतून एतद्देशीयांस, विशेषतः पारशी गृहस्थांस, त्या पंथांत प्रवेश मिळूं लागला. त्यांचीं मुख्य चिन्हें गुण्या आणि कंपास. आपल्या गवंड्याच्या पिशवींत गुण्या व ओळंबा रोजच असतात; त्यांना पाहून कोणी भ्यालेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां सातारा. शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथें १२ जानेवारी १७०८ रोजीं झाला आणि पुढें किल्ल्याच्या पायथ्याशीं नगर वाढलें. वारांच्या पेठा तेथें आहेत हें खरेंच. पण त्यांच्याच शेजारीं सदाशिव पेठ आहे, यादोगोपाळ पेठ आहे, मल्हार, भवानी, चिमणपुरा, व्यंकटपुरा आणि प्रतापगंजही आहे. यादोगोपाळ हा कोणता ग्रह? आणि नवग्रहांचें मंडळ मांडावयाचें तर राहु-केतूंना पेठ कां नाहीं?

पुण्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील आजची रविवार पेठ पूर्वीं मलकापूर होती, शनिवार पेठ मुर्तजाबाद, आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ. म्हणजे वस्ती आधींची, वाराचें नांव मागाहूनचें. पेशवाईंत पेठांना वारांचीं नांवें देण्याची चालच पडली होती. ज्या जागेचा मालक काल वेताळ होता, तिचा आज बृहस्पति झाला. म्हणून तेथील मुलींचीं लग्नें अधिक सुखाचीं झालीं काय?

आमच्या मित्रांस हेंही ठाऊक नसावें कीं वारांचा क्रम हा मुळीं स्थळाचा नव्हे, काळाचा आहे. मंदगति ग्रहापासून शीघ्रगति ग्रहापर्यंत क्रम असा: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरा या सातांना ओळीनें वाटून दिल्या कीं तीन फेरे होऊन तीन उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. शनीपासून चौथा रवि, रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून चौथा मंगळ. झाले आपले वार. दिशांचा हिशेब याहून निराळा. ग्रहमखांत रवि मध्यें, मंगळ दक्षिणेस, गुरु उत्तरेस, शनि पश्चिमेस. साताऱ्याच्या दक्षिणेस काय आहे? अजिंक्यतारा! नगर किल्ल्याच्या उत्तरेच्या उतारावर बसलें तें शत्रूच्या भयानें आणि पाण्याच्या सोयीनें. पश्चिमेकडील यवतेश्वर व कास यांच्या उंचीवरून पाणी आपल्या वजनानें गांवांत उतरतें. या राजधानीचें रहस्य हवेंच असेल तर तें पाण्याच्या या वाटेंत आहे.

मग नगररचनेंत चिन्हार्थ नसतोच काय? असतो, पण तो लपलेला नसतो. सवाई जयसिंहांनीं १७२७ सालीं जयपूर वसविलें तें नऊ चौकांच्या मांडणीवर. ते स्वतः ज्योतिर्विद् होते. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, काशी व मथुरा येथें त्यांनीं वेधशाळा बांधल्या. तरीही डोंगर आडवा आला तेव्हां एक चौक दुसरीकडे हलवावा लागला, असें अभ्यासक सांगतात. खऱ्या ज्योतिर्विदानेंही डोंगरापुढें हट्ट धरला नाहीं!

आमच्या सांगलीचेंच पाहा. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून विभक्त होऊन १८०१ सालीं सांगलीस आले व ही राजधानी झाली. त्यांनीं बांधलेलें श्रीगणपतीचें मंदिर हें पंचायतन आहे: मध्यें गजानन, भोंवतीं शिव, सूर्य, विष्णु व देवी यांचीं देवालयें. गणेश पंचायतनाचा शास्त्रोक्त क्रम असा: ईशान्येस विष्णु, आग्नेयेस शिव, नैर्ऋत्येस सूर्य, वायव्येस देवी. हें चिन्हच आहे. सर्व देव एका प्रांगणांत सुखानें नांदतात, असा त्याचा अर्थ. तो प्रदक्षिणा घालणाऱ्या पोरासही सांगतां येतो. सांगलीच्या नांवाची मात्र एक उपपत्ति 'सहा गल्ल्या' अशी देतात. आमच्या मित्रांच्या हातीं ही लागली असती तर त्यांनीं त्या सहा गल्ल्यांचा षट्कोन काढून आम्हां सर्वांस गांव सोडावयास लाविलें असतें. साताऱ्याचेंही तसेंच: कोणी तट, बुरूज व दरवाजे मिळून सतरा मोजतात, कोणी सात डोंगर. संख्या मोजणाऱ्याला सांपडतेच.

यावरून आम्हीं स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे. बांधणाऱ्यानें जो अर्थ उघड सांगितला, जो जागेवर पुरा दिसतो आणि ज्यानें मनुष्याची भक्ति वा सोय वाढते, त्यास चिन्ह म्हणावें. जो अर्थ केवळ एका जाणत्याला दिसतो, ज्यासाठीं नकाशावर आपल्याला रेघ ओढावी लागते आणि ज्यानें घरांत भीति शिरते, त्यास चिन्ह म्हणूं नये. ज्योतिषावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं पत्रिका अवश्य पाहावी. पण म्युनिसिपालिटीच्या पाटीवरून फलज्योतिष सांगूं नये, एवढें तरी शास्त्रास धरून आहे.

मंगळवार पेठेंतून फिरतांना आम्हांस भाजी घेणाऱ्या बाया, दप्तरें घेतलेलीं मुलें, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे दिसले. एका दारीं नवी सून रांगोळी घालीत होती. तें घर कोणाचें हें आम्हीं विचारलें नाहीं.

परत आल्यावर हा लेख छापावयास धाडण्यापूर्वीं नातीस वाचून दाखविला. तिनें शांतपणें सर्व ऐकून घेतलें. होरांचा हिशेब तिला आवडला; तो तिनें दोन वेळां बोटांवर करून पाहिला. मग ती म्हणाली, "अण्णाआजोबा, हें तुम्हांला त्या दिवशीं चहाच्या वेळींच ठाऊक होतें ना?"

होतें. म्हणूनच वाचकांना आमची विनंती कीं, ज्याला जें ठाऊक आहे तें त्यानें वेळेवर बोलावें.