जुना स्कॅनर भंगारात देण्यापूर्वी

नवा संगणक आणला, जुना स्कॅनर जोडला आणि तो चालेना, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. दुकानदार सांगतो, "जुना झाला, नवा घ्या." पुष्कळदा यंत्र ठणठणीत असते, अडते ते ड्रायव्हरपाशी.

बँकेत खातेदार तिजोरीत जात नाही. तो खिडकीवर ठरावीक नमुन्याची स्लिप देतो, आतले काम कर्मचारी करतात. संगणकातही आपला प्रोग्राम यंत्राला थेट हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागणी करतो. ती मागणी त्या विशिष्ट यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा कारकून म्हणजे ड्रायव्हर.

कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला नमुना जुळला नाही, तर काम थांबते. ३२ बिटसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचीच आहे. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, की चांगला स्कॅनर मुका होतो.

मग आपण इंटरनेटवर शोधतो आणि कुठल्याशा साइटवरून ड्रायव्हर उतरवून घेतो. खरा धोका इथे आहे. पुष्कळ ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे तिजोरीच्या आत बसून काम करतात. तिथली चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा ड्रायव्हरने सदोष फाइल वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ती तर नुसती चूक होती; वाईट हेतूने लिहिलेला ड्रायव्हर काय करील? म्हणूनच ६४ बिट विंडोज कर्नल ड्रायव्हरवर डिजिटल सही मागते. ही तपासणी बंद करायला कोणी सांगितले तर ऐकू नका. सही न पडताळता चेक वटवण्यासारखेच ते आहे.

सुरक्षित मार्ग दोन. पहिला, ड्रायव्हर फक्त उत्पादक कंपनीच्या साइटवरून घ्यावा. दुसरा, लिनक्स. तिथे स्कॅनरसाठी 'सेन' नावाचा मुक्त संच आहे आणि तो अनेक जुनी मॉडेल्स चालवतो. आपले मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी पाहावे. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही सुरू करता येते. संगणकातले काही पुसावे लागत नाही. मात्र 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय' निवडावे.

घरातले जुने फोटो, मोडीतली पत्रे, मंडळाच्या स्मरणिका अजून स्कॅन व्हायच्या आहेत. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा एवढे करून पाहा.