बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच घेताना



ऊस तुटून गेला की पाचट कुट्टी यंत्राला आणि रोटाव्हेटरला उसंत नसते. पात्याचा गंजलेला नट साध्या पान्याने हलता हलत नाही. सिंदखेडराजा, मेहकरकडच्या शिवारात बांधावर वीज कुठून आणायची? तिथे बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच कामी येतो. आतली हातोडी फिरता फिरता ठोके देते, त्याने गंजाची पकड सुटते.

घेताना चौकोनी तोंड अर्ध्या इंचाचे पाहावे. जोर न्यूटन मीटरमध्ये लिहितात. 1 मीटर दांड्याच्या टोकाला 1 किलो वजन टांगले की सुमारे 10 न्यूटन मीटर पीळ बसतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा नट सोडविण्याचा असतो. आवळण्याचा वेगळा विचारावा. पात्यांना 300 ते 400 पुरे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे जाम नट असतील तर 600 च्या पुढचा घ्यावा. ‘18 व्होल्ट’ आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ एकच. जादा पैसे मोजू नयेत.

गोट्या काळ्या, इम्पॅक्टच्याच घ्याव्यात. चकचकीत साधी गोटी ठोक्याने फुटून डोळ्यात जाते, चष्मा लावावा. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे द्यावा. जादा आवळलेला बोल्ट ताणला जाऊन चालू कामात तुटतो. बॅटरी उन्हात ठेवू नये, तापलेली चार्ज करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, उचललेल्या यंत्राखाली भक्कम ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नये. पाते बाजारात मिळते, हात मिळत नाही.