स्टाउटचा फेस आणि नायट्रोजनचा हिशेब

आयरिश स्टाउट या काळ्या बिअरचा ग्लास भरला की पाहणारा थबकतोच. बुडबुडे काचेलगत चक्क खाली सरकताना दिसतात. मिनिट-दोन मिनिटांत खालचा द्रव काळाशार होतो आणि वर सायीसारखा जाड, घट्ट थर बसतो. घरी बिअर गाळणाऱ्याला कधी ना कधी हे दृश्य आपल्या नळाखाली बघायचं असतं. नायट्रोजनमुळे हे होतं एवढं त्याने ऐकलेलं असतं, म्हणून तो नायट्रोजनचं सिलिंडर शोधायला निघतो. चूक तिथूनच सुरू होते.

आधी कायद्याचं बोलायला हवं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने ही मोकळीक दिली, पण अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत ती पोहोचायला २०१३ उजाडलं. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती घरच्या स्वयंपाकघरात का बनेना. त्यामुळे पुढची माहिती उपयोगी पडेल ती लंडन किंवा न्यू जर्सीच्या गॅरेजमध्ये केग, म्हणजे बिअरचं बंद पिंप, मांडून बसलेल्या मराठी माणसाला. इथल्या वाचकाने ती विज्ञानाची गोष्ट म्हणून वाचावी.

स्टाउट म्हटलं की नायट्रोजन आलाच, पूर्वापार तसंच चालत आलंय, हा समज फार पक्का आहे. इतिहास वेगळं सांगतो. आर्थर गिनेस यांनी डब्लिनच्या सेंट जेम्स गेटची जागा १७५९ मध्ये भाड्याने घेतली. त्यानंतरची जवळजवळ दोनशे वर्षं तिथली काळी बिअर नायट्रोजनशिवायच प्यायली गेली. आयर्लंडच्या पबमध्ये दोन पिंपं असत, एकात उसळती ताजी बिअर आणि दुसऱ्यात मुरलेली, शांत. दोन्हींतून ग्लास भरायचा तर ओतणाऱ्याचा हात बसलेला लागे. हे काम यंत्रावर सोपवण्याची वाट केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या मायकेल ॲश यांनी काढली. त्यांची नायट्रोजनवरची पद्धत १९५९ मध्ये, म्हणजे गिनेस कंपनीच्या द्विशताब्दीच्या वर्षी बाजारात आली.

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. नायट्रोजनचा स्टाउट म्हणजे निव्वळ नायट्रोजन, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो. समान दाबाला कार्बन डायऑक्साइड त्याच्या पन्नासपटीहूनही जास्त विरघळतो. नीट साधलेल्या एक लिटर स्टाउटमध्ये कार्बन डायऑक्साइड साधारण सव्वा लिटर असतो, तर नायट्रोजन फार तर ५० मिलिलिटर. नाव नायट्रोजनचं झालं, पण बिअरमध्ये खरा साठा कार्बन डायऑक्साइडचाच असतो. केगवर शुद्ध नायट्रोजन लावून ठेवला तर हा साठा द्रवातून निघून वरच्या मोकळ्या जागेत जाऊ लागतो. केग जसजसा रिकामा होतो तसतशी ती जागा वाढते आणि बिअर निर्जीव होत जाते.

मग फक्त कार्बन डायऑक्साइड का वापरू नये? इथे आकडेमोड करावीच लागते, आणि ती फार देखणी आहे. स्टाउटच्या नळात बारीक भोकांची एक चकती असते. बिअर त्या भोकांतून जोराने घुसते तेव्हा विरघळलेला वायू सुटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे होतात. तेवढ्या जोरासाठी केगमध्ये ३० ते ३८ पीएसआय दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरताना आपण सांगतो, जवळपास तेवढाच. हा सगळा दाब कार्बन डायऑक्साइडचा असला, तर ४ अंश सेल्सिअसला एक लिटर बिअरमध्ये सुमारे पाच लिटर वायू मुरेल आणि हलवलेल्या गोटी सोड्यासारखा नुसता फेस उडेल. उलट, आपल्याला हवा असलेला सव्वा लिटर वायू त्या तापमानाला टिकवायचा तर कार्बन डायऑक्साइडचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही थोडा कमीच हवा. तेवढ्या दाबावर बिअर नळातून बाहेरच येणार नाही.

म्हणून मिश्रण. ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ब्रिटनमध्ये ७० आणि ३० सुद्धा चालतं. दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरवरचा काटा ३५ पीएसआय दाखवतो तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब धरून केगमध्ये एकूण ५० होतात. त्याचा पाव हिस्सा साडेबारा, आणि नेमका तेवढाच दाब कार्बन डायऑक्साइडला हवा असतो. बाकीचा ढकलण्याचा भार नायट्रोजन उचलतो, तोही बिअरमध्ये फारसा न शिरता. वायूचं प्रमाण, दाब, तापमान आणि चकतीचा नळ ही चौकडी एकत्र बसली तरच तो थर येतो. साध्या नळाला महागडं मिश्रण जोडून काहीही साधत नाही.

नायट्रोजनचं मोठं देणं म्हणजे फेसाचं आयुष्य. साध्या फेसात लहान बुडबुड्यातला वायू झिरपून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात जातो आणि फेस जाड, विरळ होऊन बसतो. नायट्रोजन द्रवात विरघळायलाच नाखूष असल्यामुळे ही गळती फार मंद होते. बाहेरच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे बुडबुड्यातून बाहेर पळायची त्याला घाई नसते. जिभेला जाणवणारा मऊपणा या फेसातून येतो, आणि जोडीला कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने आंबट चुरचुरही कमी लागते. नायट्रोजनला स्वतःची चव नाही.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे म्हटल्यावर कॉम्प्रेसरची हवाच केगमध्ये भरावी, ही युक्तीही सुचते. पण त्याच हवेतला २१ टक्के ऑक्सिजन बिअर नासवतो. काही दिवसांतच तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. व्हिप्ड क्रीमच्या छोट्या नळकांड्यांचा घोळ वेगळा आहे. त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो, जो पाण्यात जवळपास कार्बन डायऑक्साइडइतकाच विरघळतो आणि चवीला गोडसर लागतो. नावातल्या साधर्म्याखेरीज त्याचं वागणं नायट्रोजन वायूशी जुळत नाही. नशेसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून तो नियंत्रित अमली पदार्थांच्या यादीत घातला आहे.

आणि ते उलटे बुडबुडे? मिश्र वायूची जादू म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं जातं. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी दाखवलं की हा ग्लासच्या आकाराचा खेळ आहे. ग्लास वर रुंद होत जातो, त्यामुळे सरळ वर चढणारे बुडबुडे तिरप्या काचेपासून दूर जातात. काचेलगतचा द्रव बुडबुड्यांविना जड होऊन खाली उतरतो आणि आपल्यासोबत चुकार बुडबुड्यांना ओढून नेतो. ग्लासच्या मधोमध मात्र ते वरच जात असतात. नायट्रोजनचा वाटा एवढाच की बुडबुडे खाली ओढले जाण्याइतके बारीक राहतात.

एकाच मिश्रणावर घरातले सगळे केग चालवायचे, हाही फसवा हिशेब. साध्या एल बिअरला १२ पीएसआयवर हे मिश्रण लावलं तर तिच्या वाट्याला कार्बन डायऑक्साइड फारच कमी येतो आणि ती मलूल पडते.

चकतीचा नळ, मिश्रण आणि त्याचा रेग्युलेटर हा सगळा खर्च झेपत नसेल, तर केगला कार्बन डायऑक्साइडच ठेवावा, फक्त वायू नेहमीपेक्षा कमी मुरवावा. ग्लास भरल्यावर सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजमध्ये थोडी बिअर ओढून ती जोराने परत ग्लासात सोडली तर दाट फेस येतो, थोडा लवकर विरतो इतकंच. भाजलेल्या जवाची कडसर चव जशीच्या तशी राहते. पहिलाच केग असेल तर हाच मार्ग बरा.

मिश्रण घेणाऱ्यांनी मात्र रेग्युलेटरवर तडजोड करू नये. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि २० अंशांना त्याचा दाब सुमारे ८३० पीएसआय भरतो. मिश्रण वायुरूपातच भरलेलं असतं, तिथे दाब २,००० पीएसआयच्या घरात जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत दोन्हींचे आटे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. जोडणी बदलून कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर मिश्रणाच्या सिलिंडरवर कधीही बसवू नका. सिलिंडर उभं ठेवून साखळीने बांधा, आणि बंद तळघरात ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड वाढला तर धाप लागून निदान इशारा तरी मिळतो. नायट्रोजनने ऑक्सिजन हटवला तर माणसाला काहीही जाणवत नाही, तो थेट बेशुद्ध पडतो.