शहरे का वाढतात? भाग 7 : अकरावीबरोबर लातुरात येणारी बिऱ्हाडे

मागच्या भागात कारखान्यांमुळे वाढलेल्या शहरांचा विचार केला. काम मिळते तिथे माणूस जातो, एवढे ते सरळ आहे. लातूरचे तसे नाही. 1991 मध्ये या शहराची वस्ती सुमारे 2 लाख होती. 2011 च्या जनगणनेत ती 3 लाख 80 हजारांवर गेली. रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी 2018 मधली, म्हणजे या वाढीनंतरची. माझे म्हणणे असे, की लातूरने मराठवाड्यातल्या पालकांना अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचा भरवसा दिला आणि त्या भरवशावर मुलांमागे बिऱ्हाडेही आली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : लातूर ही जुनी बाजारपेठ, ती वाढणारच. गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, तुरीचा आणि डाळीचा व्यापार मोठा, आणि 1982 मध्ये उस्मानाबादपासून वेगळा जिल्हाही झाला. यातले जिल्ह्याचे कारण फार ताणता येत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, कितीतरी आधीपासून जिल्ह्याचे ठाणे, तरी 2011 मध्ये तिथली वस्ती सव्वा लाखाच्या आतच होती. बाजाराचे कारण मात्र खरे आहे, पण अपुरे. आडतीवर माल घालायला आलेला शेतकरी पट्टी घेऊन संध्याकाळी गावी परततो. बाजार माणसाला दिवसभरासाठी आणतो. त्याने इथे चूल मांडावी, यासाठी दुसरे काहीतरी लागते. 1993 च्या भूकंपाचेही कारण दिले जाते, पण किल्लारी परिसरातल्या गावांचे पुनर्वसन बहुतांशी जुन्या गावांच्या जवळच झाले.

ते दुसरे काहीतरी दयानंद आणि राजर्षी शाहू या महाविद्यालयांनी घडवले. ज्याला पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हटले गेले, त्यात गूढ काही नाही : अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचणीमागून चाचणी, पेपर तपासून चुका दाखवायच्या, पुन्हा चाचणी. आधी बारावीची गुणवत्ता यादी होती, मग सीईटी आली, आता नीट आणि जेईई. परीक्षा बदलल्या तरी सरावाची ही घडी टिकली, म्हणून शहराचे नावही टिकले. खासगी क्लासेस त्याच नावावर वाढले. यातला बिऱ्हाडाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ घरांत बाप शेती किंवा नोकरी सांभाळत गावी राहतो आणि आई मुलांना घेऊन लातुरात खोली करते. मुलीला एकटीने वसतिगृहात ठेवायला जे घर धजावत नाही, तेही या सोयीमुळे तिला विज्ञान शाखेला घालते. थोरल्याची बारावी होते तोवर धाकटी दहावीला आलेली असते. दोन वर्षांचा मुक्काम पाच-सहा वर्षांचा होतो आणि मग प्लॉटची चौकशी सुरू होते.

मुले शेवटी पुण्या-मुंबईला जातात, मग हे रहिवासी कसले, असे कोणी विचारील. मुले जातात हे खरेच. पण दर जूनमध्ये नवी तुकडी येते, आणि तिच्यावर पोट असलेले प्राध्यापक, मेसवाले, खोल्या बांधणारे, झेरॉक्सवाले इथेच राहतात. पाण्याचा आक्षेप याहून कठीण. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एवढे होऊनही शिक्षणासाठी लोक येतच राहिले, कारण त्यांच्या गावीही टँकरच होता, आणि वर चांगले कनिष्ठ महाविद्यालय नव्हते.

या ओढ्याचा भार मात्र शहराच्या हिशेबात नीट धरला जात नाही. खोली करून राहणाऱ्या अशा आईचे मत आणि रेशनकार्ड बहुधा गावीच असते. ती भाडे भरते, पाणी विकत घेते, पण नळ, गटार आणि रस्त्यावरचे दिवे मागायला तिच्याकडे नगरसेवक नाही. प्रभागाचे नियोजन मतदारयादीकडे पाहून करण्याऐवजी महाविद्यालयांची प्रवेशसंख्या आणि भाड्याच्या खोल्यांची नोंद समोर ठेवून करणे महापालिकेला आजही शक्य आहे.